एकोणतिसावा खडा

टूथपेस्ट दातांसाठी असते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून मी दुकानाच्या दारावर लावणार होतो. ताईनं लावू दिलं नाही. लोक जुनी चांदी टूथपेस्टनं घासतात, खाण्याच्या सोड्यात उकळतात, लिंबू चोळतात आणि मग आमच्याकडे आणून विचारतात, हिला असं काय झालं? एका गृहस्थांना मी सांगितलं होतं, "हिला काही झालेलं नाही, तुम्ही केलेलं आहे." ते परत आले नाहीत. त्यांचे शेजारीही आले नाहीत. त्या दिवशी ताईनं मला गिऱ्हाइकांशी बोलायची बंदी केली. सव्वीस वर्षं झाली, बंदी अजून उठलेली नाही.

आमचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे, त्यामुळे छप्पर तिरकं. पुढच्या उंच भागात ताई, काउंटर, काच, तराजू आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. मग पडदा. पडद्यामागे, जिथे उभं राहिलं की डोकं आपटतं, तिथे मी. माझं टेबल, दिवा, भिंग आणि वहीएवढी खिडकी. जुन्या चांदीचे दागिने ओळखायचे, दुरुस्त करायचे, हा आमचा धंदा. नवीन आम्ही काही विकत नाही. नवीन काही चांगलं निघालेलंही नाही, पण ते असो.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यावर 'चार दिवस बसते' म्हणून ती काउंटरवर बसली, ती बसलीच. मला ती चिमट्या म्हणते. मी दिवसभर हातात चिमटा धरून बसतो म्हणून नव्हे. लहानपणी मी पोरांना चिमटे काढायचो म्हणून. तिच्या मते माझ्यात फरक एवढाच पडलाय की हल्ली मी ते तोंडानं काढतो.

कामाची पद्धत ठरलेली. दागिना ताई घेते, तपासते, गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेते, एक चिठ्ठी लिहून दोऱ्यानं दागिन्याला बांधते आणि पडद्याआड हात घालून माझ्या टेबलावरच्या उजव्या वाटीत ठेवते. उजवी वाटी कोरडी, आत मऊ फडकं अंथरलेलं. डाव्या वाटीत चांदी उजळायचं पाणी. त्या पाण्यात काय घालायचं आणि किती सेकंद, ते फक्त मी ठरवतो. गिऱ्हाइकाचं तोंड मी बघत नाही, चिठ्ठी बघतो.

पूर्वी ताईच्या चिठ्ठ्या म्हणजे छोटे निबंध असायचे. 'साखळी. कडी झिजलेली. बाईंच्या सासूची. सासू हयात आहे, काम लवकर हवं.' गेलं वर्षभर त्या आखूड होत चालल्या होत्या. जाड मार्करनं दोन-तीन शब्द. 'साखळी. कडी.' बाकीचं ती चार वाजता चहा पिताना तोंडी सांगायची. मला वाटलं, वय झालं की माणसाला शब्द वाया घालवावेसे वाटत नाहीत. ताईच्या बाबतीत असं वाटणं हा शुद्ध मूर्खपणा होता, पण वाटलं खरं.

आणखीही गोष्टी होत्या. चहा ओतताना ती कपाच्या कडेवर बोट ठेवायची. गिऱ्हाईक दारात आलं की ते तोंड उघडेपर्यंत नुसती हसून वाट बघायची. दागिना हातात आला की आधी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची, कडेपासून कडेपर्यंत, सावकाश. मी म्हटलं, अनुभव.

सोमवारी भाचीचा फोन आला. ताईची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या शहरात असते, आणि माझ्याशी बोलताना नेहमी तपास अधिकाऱ्यासारखी बोलते.

"मामा, आईला नीट दिसतं का?"

"माझ्या चुका तर तिला पडद्यातूनही दिसतात."

"मस्करी नको. व्हिडिओ कॉल केला की ती फोन कानाला लावते. परवा मी केस पार कापून समोर बसले होते, तिला कळलंसुद्धा नाही. खरं सांग. दिसत नसेल तर मी रविवारी येते आणि तिला कायमची इकडे घेऊन येते. दुकान वगैरे पुरे झालं आता."

"दिसतं," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

फोन ठेवल्यावर मात्र मी जरा वेळ कामाला हात लावला नाही. ताई गेली तर दुकान बंद होणार, हे उघड होतं. मला काउंटरवर बसवणं म्हणजे दारावर कुत्रा बांधण्यासारखं. पण दुकानाचं मला तेवढं नव्हतं. पडद्याच्या पलीकडून ताईचा आवाज येत नाही अशा जागेत बसून काम करायचं, हे मला नुसतं मनातल्या मनातही जमेना.

मंगळवारी सकाळी माझा डावा खांदा धरला होता. पाण्याच्या वाटीकडे हात नेला की कळ यायची. म्हणून मी दोन्ही वाट्यांची अदलाबदल केली. स्टीलच्या सारख्याच वाट्या. पाण्याची उजवीकडे आणली, कोरडी डावीकडे ठेवली आणि न्हाव्याकडे गेलो. माझ्या डोक्यावर जे उरलंय त्याला पंचवीस मिनिटं लागायला नकोत, पण न्हावी बोलका आहे.

परत आलो तेव्हा वरच्या मजल्यावरून कोणाचं तरी कपाट जिन्यानं खाली उतरवत होते. आमच्या डोक्यावर पायरी-पायरीला धडाम धडाम चाललं होतं. पडद्यामागे गेलो. उजव्या वाटीत, उजळायच्या पाण्यात, एक मार्कसाइटचा ब्रोच पडलेला होता.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर हे किती वाईट होतं ते कळणार नाही. मार्कसाइट म्हणजे लोखंड आणि गंधक यांचा बनलेला दगड. खरं तर या दागिन्यांत असतो तो मार्कसाइट नसतोच, त्याचा चुलत भाऊ पायराइट असतो. पण धंद्यात नाव पडलं ते पडलं. त्याचे मोहरीएवढे तुकडे करून, वर पैलू पाडून ते चांदीत बसवतात. तो हिऱ्यासारखा झगमगत नाही. ढगाळ दिवशी खिडकीच्या काचेवर असतो तसा करडा उजेड असतो त्याचा, आणि तेवढाही उठून दिसावा म्हणून भोवतालची चांदी मुद्दाम काळी केलेली असते. चांगल्या जुन्या कामात प्रत्येक खडा चांदीतूनच उचललेल्या बारीक दाण्यांनी धरलेला असतो. खड्याच्या त्या जागेला आम्ही घर म्हणतो. स्वस्तातल्या कामात तो नुसता चिकटवतात. पाणी दोन्हींना चालत नाही. साबण नाही, अत्तर नाही, क्रीम नाही. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, वेगळ्या डबीत ठेवायचं, आणि बाकी त्याच्या वाट्याला जायचं नाही.

हा ब्रोच चांगल्या जुन्या कामातला होता. पानाच्या आकाराचा. तो निदान वीस मिनिटं त्या पाण्यात होता.

मी तो चिमट्यानं बाहेर काढला. मुद्दाम काळी केलेली चांदी खानावळीतल्या चमच्यासारखी पांढरी झाली होती. खडे मेले होते. बरेचसे तपकिरी, काही नुसतेच मंद. झिजलेल्या दाण्यांतून नऊ खडे सुटून वाटीच्या तळाशी गेले होते. दोऱ्याला लोंबणाऱ्या ओल्या चिठ्ठीवर मार्करनं लिहिलेलं होतं: 'ब्रोच. पान. २९. पुसणे.'

पुसणे. मी ताईला काय काय बोलणार होतो ते मला अजून पाठ आहे. सव्वीस वर्षांत साधी कडी चुकीच्या वाटीत न टाकणारी बाई, आणि टाकलं तेही काय, तर मार्कसाइट. मी पडदा बाजूला केला.

ताई वहीत लिहीत होती. कपाटाचा धडाम धडाम आवाज चाललेला, आणि ती मान खाली घालून शांतपणे लिहीत होती. पेन वहीच्या कडेवरून पुढे गेलं होतं. ती काउंटरच्या काचेवर लिहीत होती. एक अख्खी ओळ तिनं काचेवर लिहिली, पूर्णविराम दिला आणि वही मिटली.

मी पडदा सोडून दिला.

मग सगळं एकेक करून जागेवर बसलं. कपावरचं बोट. कानाला लावलेला व्हिडिओ कॉल. चिठ्ठ्या. नख. ती वाटी बघून ठेवतच नव्हती, हाताला माहीत असलेल्या जागी ठेवत होती, आणि ती जागा त्या दिवशी सकाळी मी हलवली होती. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. रविवार पाच दिवसांवर होता.

संध्याकाळी ताई घरी गेल्यावर मी वाट्या पुन्हा पहिल्यासारख्या ठेवल्या. मग काच पुसली. कोरड्या फडक्यानं ती शाई निघेना, म्हणून थुंकी लावली. ओळ काय होती ते मी वाचलं नाही. मला वाचायचं नव्हतं.

मग मी ब्रोच दुरुस्त करायला घेतला. ज्या बाईंचा तो होता त्यांना, आमच्या नेहमीच्या दिवशी, शनिवारी द्यायचा होता. मी ताईला एक अक्षर बोललो नाही. आपण पाण्यात काय टाकलं हे तिला सांगायचं, तर का टाकलं हेही बोलावं लागलं असतं, आणि ते एकदा बोललं गेलं की भाचीला खोटं कसं सांगायचं? ताईही ब्रोचबद्दल काही विचारत नव्हती. चार दिवस चहाच्या वेळी आम्ही हवामानावर बोललो. आमच्या घराण्यात यापूर्वी हवामानावर कोणी बोललेलं नाही.

"आज ढग आहेत," ताई म्हणायची.

"आहेत," मी म्हणायचो. आणि मग दोघं बिस्किटं खायचो.

बुधवारी मी उरलेले सगळे खडे काढले. चांदी पुन्हा काळी करायला गंधक लागतं, आणि सगळ्यांत सौम्य गंधक उकडलेल्या अंड्यात असतं. अंडं उकडायचं, कापायचं, दागिन्याबरोबर डब्यात बंद करून ठेवायचं. चांदी हळूहळू तांबूस, मग करडी, मग काळी होते. बाजारातल्या औषधानं ते पाच मिनिटांत होतं, पण तो काळा रंग बुटाच्या पॉलिशसारखा दिसतो. मला साठ-सत्तर वर्षं जुना काळा हवा होता.

"वास कसला येतोय?" ताईनं पडद्यापलीकडून विचारलं.

"अंडं आणलंय डब्यात."

"बरं," ताई म्हणाली. मी आयुष्यात कधी अंडं खाल्लेलं नाही, आणि हे तिला माहीत आहे.

गुरुवार आणि शुक्रवार खडे बसवण्यात गेले. बाईंचे अकरा खडे धडधाकट निघाले. बाकीचे माझ्या डबीतून घेतले. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या दागिन्यांतले खडे मी वर्षानुवर्षं त्या डबीत साठवतो. रंग, उंची, पैलू जुळवून एकेक निवडला. पण हिशेब लागेना. मूळचे खडे मोजले तर अठ्ठावीस भरत होते, आणि चिठ्ठीत एकोणतीस. एक खडा कुठेतरी उडाला असणार म्हणून मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधला. तीन पिना, एक बटण आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेलं माझं पोस्टाचं तिकीट सापडलं. खडा सापडला नाही.

ब्रोचवरची घरं मोजली. एकोणतीस. त्यातल्या एका घरातले दाणे पार झिजून गुळगुळीत झालेले होते आणि तळाशी जुना मळ दगडासारखा घट्ट बसलेला. उजळायच्या पाण्यालाही तो दाद देत नव्हता. अशा घरात कित्येक वर्षांत खडा नव्हता, हे शिकाऊ माणसालाही कळलं असतं. मलाही कळलं. पण चिठ्ठीवर २९ होतं, आणि ताईची मोजणी कधी चुकत नाही. शिवाय त्या आठवड्यात ताईची कुठलीही गोष्ट चुकलेली मला नको होती. मी मळ कोरून काढला, कोरणीनं नवे दाणे उचलले आणि खडा बसवला. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत सुरेख तोच बसला.

शनिवारी सकाळी अकराला बाई आल्या. एका ग्रंथालयात ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त. मला हे पडद्याआडून कळलं. त्यांचा आवाज समोरच्यानं आवाज करू नये अशा सवयीचा होता. ताईनं ब्रोच त्यांच्या हातात दिला. मी भिंग बाजूला ठेवून ऐकत बसलो.

चष्म्याची डबी उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

"हा माझा नाही," बाई म्हणाल्या.

"तुमचाच आहे, बाई," ताई म्हणाली.

"दिसायला तसाच आहे. छान आहे. पण हा माझा नाही."

मी उठलो. छपराला डोकं आपटलं. पडदा सारून काउंटरवर गेलो आणि सव्वीस वर्षांनी गिऱ्हाइकाशी बोललो.

"मागची बाजू बघा. ९२५ चा शिक्का. शेजारी कारागिराचा, अर्धा झिजलेला. पिन अडकवायला नुसती आकडी आहे, तिला कुलूप नाही, म्हणजे जुनं काम. चांदीला लोहचुंबक लागत नाही, पिनेला लागतं, कारण पिन पोलादी आहे. आणि ती उलट्या बाजूला वाकलेली आहे, म्हणजे लावणारी बाई डावखुरी होती."

"आई डावखुरीच होती," बाई म्हणाल्या.

"मग हा तुमचाच."

"नाही." त्या ब्रोचवरून अंगठा फिरवत होत्या, पुढे-मागे, काहीतरी शोधल्यासारखा. "यात एक जागा रिकामी होती. मी यांना सांगितलं होतं, ती तशीच राहू द्या म्हणून."

मी ताईकडे बघितलं. ताई समोर भिंतीकडे बघत होती.

"आई हा स्वेटरवर लावायची," बाई सांगू लागल्या. "माझी बहीण दहा महिन्यांची होती, आईच्या खांद्यावर. दात येत होते. तिनं हा चावला आणि एक खडा गिळला. तीन दिवस घरात सगळे तिच्यामागे भांडं घेऊन फिरत होते. मी सात वर्षांची, भांड्यात बघायचं काम माझ्याकडे होतं. मी नीट बघितलं. खडा काही बाहेर आला नाही." त्या थांबल्या. "पुढे आईनं ब्रोच तिलाच दिला. ती कायम लावायची आणि सगळ्यांना सांगायची, एक खडा मी सुरक्षित जागी ठेवलाय. गेल्या थंडीत ती गेली. आता हा माझ्याकडे आलाय. मी घेते तेव्हा अंगठा त्या जागेवर ठेवते. आता ती जागाच नाही."

मी मान खाली घातली. माझं हे नेहमीचं नाही.

"यांनी सांगितलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. "जागा एकोणतीस, एक रिकामी, ती भरायची नाही. एवढं सगळं चिठ्ठीत लिहिता आलं नाही मला. मला दिसत नाही आता, बाई. मधोमध तर काहीच दिसत नाही, कडेकडेनं थोडं कळतं. ह्याला मी चहाच्या वेळी तोंडी सांगते सगळं. हे सांगायचं राहिलं."

"राहिलं कारण मी तिच्याशी बोलत नव्हतो," मी म्हणालो. "ब्रोच उजळायच्या पाण्यात पडला होता. चूक माझी. वाट्या मी हलवल्या होत्या, तिला न सांगता. तुमचे अकरा खडे शिल्लक आहेत, बाकीचे मी घातलेत. चांदी सगळी तुमची. काळा रंग अंड्याचा."

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "अकरा," त्या म्हणाल्या.

"अकरा."

"ग्रंथालयात आम्ही याहून वाईट दुरुस्त्या केल्यात," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "तो एक खडा काढता येईल?"

खडा काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत सोपं काम. मी दिवा पुढे आणला, भिंग लावलं, कोरणी घेतली आणि तसाच थांबलो. कुठला काढायचा? सगळ्याच घरांचे दाणे मी नव्यानं उचलले होते, त्यामुळे सगळे सारखे दिसत होते. मी स्वतःच चार दिवस मरमरून ते सारखे दिसतील असं केलं होतं. बसवताना मी कडेनं सुरुवात केली होती की मधून, तेही आठवेना.

"कुठली जागा होती?" मी बाईंना विचारलं.

त्यांनी अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "इथे. नाही, जरा वर. बोट आपोआप जायचं हो, मी कधी मोजलं नाही." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई आली. "आता मला सांगताच येत नाही."

"चिमट्या, इकडे दे," ताई म्हणाली.

तिनं ब्रोच डाव्या तळहातावर घेतला, देठ स्वतःकडे केला आणि उजव्या अंगठ्याचं नख कडेवरून चालवलं. ब्रोच तिनं याआधी असा एकदाच तपासला होता, मंगळवारी, दोन-तीन मिनिटं. नख एकेका खड्यावर टेकत वर गेलं आणि थांबलं.

"हा. उजव्या कडेचा, देठाकडून चौथा."

"नक्की?"

ताईनं नख न हलवता ब्रोच माझ्यापुढे धरला.

मी दाणे मागे सारले आणि खडा काढला. सगळ्यांत सुरेख बसलेला. चार मिनिटं लागली. मग ताईनं ब्रोच पुन्हा मागितला आणि त्या रिकाम्या घरात बोटाचं टोक घातलं.

"दाणे बोचतायत. यांची जागा गुळगुळीत होती."

मी दाणे दाबून घासले. ताईनं बोट लावलं. "अजून." मी घासले. "डावीकडे अजून." मी डावीकडे घासले. अशा आमच्या सात-आठ खेपा झाल्या. मला त्या घराचा आतला आकार भिंगातूनही आठवत नव्हता, ताईला तो बोटात आठवत होता. शेवटी तिनं बोट जरा जास्त वेळ ठेवलं आणि ब्रोच बाईंकडे दिला.

बाईंनी अंगठा ठेवला. "हं," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्यानंतर त्यांना रुमाल शोधावा लागला आणि पर्स दोनदा उघडावी लागली. मग त्यांनी ब्रोच तिथेच लावला, ताईला नमस्कार केला, मलाही केला आणि गेल्या.

ताई खुर्ची मागे सरकवून बसली. मी पडद्यामागे जायला हवं होतं, पण गेलो नाही.

तिनं फोन उचलला आणि एकाचं बटण दाबून धरलं; त्यावर भाचीचा नंबर आहे. "अगं, मी बोलतेय," ती म्हणाली. "मला दिसत नाही. हो. नाही, मामानं लपवलं नाही, त्याला मंगळवारी कळलं. तो मंदच आहे. ये की, उद्या ये, तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ. पण राहायला येणार नाही मी." मग बराच वेळ पलीकडून बोलणं चाललं. ताई ऐकत काउंटरच्या काचेवरून हात फिरवत होती. "कारण इथे मला सगळं कुठे आहे ते माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे मी दिवसभर सोफ्यावर बसेन आणि सगळे मला विचारतील, काही हवंय का. मला भीती वाटते त्याची. घे, मामाशी बोल."

"मामा, तू मला खोटं सांगितलंस," भाची म्हणाली.

"सोमवारी ते खरं होतं."

"आणि आता काय करणार तुम्ही दोघं?"

"ती सांगेल, चिठ्ठी मी लिहीन. आणि टेबलावरची वस्तू हलवण्याआधी तिला विचारीन."

"तू विचारशील?"

"विचारीन," मी म्हणालो. मग मी फोन ताईला परत दिला.

बोलणं संपल्यावर ताई म्हणाली, "वाट्या मंगळवारीच परत ठेवल्यास ना?"

"तुला कसं कळलं?"

"मंगळवारी संध्याकाळी एक अंगठी ठेवायला हात घातला तर बोटं पाण्यात. म्हटलं, गेला तो ब्रोच. अंगठी नेली परत. बुधवारी सकाळी हात घातला तर वाटी कोरडी, जागच्या जागी. तेव्हा कळलं की तुला कळलंय."

"मग बोलली का नाहीस? चार दिवस?"

"तू बोललास? तू तर डब्यात अंडं आणलंस." ताईनं काचेवर बोट ठेवलं. "आणि काच पुसलीस. थुंकीनं. चिकट लागतेय अजून."

मी फडकं आणायला वळलो. तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती आणि चेहऱ्यावर ते भाव होते, जे मी लांबूनही ओळखतो.

"आजीचे कानातले आहेत," ती ताईला म्हणाली. "काळे दिसत होते म्हणून मी जरा टूथपेस्टनं..."

मी तोंड उघडलं.

"चिमट्या," ताई पुडीसाठी हात पुढे करत म्हणाली, "तू आत जा."

मी आत गेलो, कोरा कागद आणि पेन घेतलं आणि पडद्याजवळ बसून ती काय सांगते त्याची वाट बघत राहिलो.